यशवंताच्या फळ्यावरचे चार खिळे

यशवंत ओव्हाळ गेल्याचं त्याच्या मुलीने, सुनीताने फोनवर सांगितलं, तेव्हा मी बेगडेवाडीच्या घरात मोरीतल्या नळाचा वॉशर बदलत होतो. ‘काका, पप्पा सकाळी गेले,’ एवढंच ती म्हणाली. मी वॉशर बसवला, नळ दोनदा उघडून बंद करून पाहिला, हात पुसले आणि मग खुर्चीत बसलो. साठ वर्षांचा मित्र गेल्यावर माणसाला इतकं शांत वाटू नये. पण त्याचं कारण होतं. यशवंताच्या बाबतीत एक गोष्ट मला चारचौघांत कबूल करायची होती, ती मी वर्षानुवर्षं टाळत आलो होतो, आणि आता ती करावी लागणार नाही, हा विचार पहिल्या मिनिटातच मनात येऊन गेला… त्याला आता सहा आठवडे झाले. तो विचार आला नसता, तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो.

आम्ही लोणावळ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याचे वडील खंडाळ्यात एका बंगल्यावर माळी होते. मी पुढे शिकून व्यवस्थापनाच्या कॉलेजात लागलो आणि तीस वर्षं ‘स्पर्धा आणि व्यूहरचना’ हा विषय शिकवला. यशवंत खंडाळ्याच्या एका हॉटेलात भांडी विसळण्यापासून काउंटरपर्यंत पोचला, आणि चाळिशीच्या आत त्याने लोणावळा स्टेशनजवळच्या एका गल्लीत नऊ खोल्यांचं स्वतःचं लॉज उघडलं. गल्लीत आधीपासून चार लॉज होती, चारही आसपासच्या गावांतल्या जमीनदार घरांची. त्या रांगेत ओव्हाळ नावाची पाटी लागणं तेव्हा साधी गोष्ट नव्हती. कोणी काही बोललं नाही, पण पहिल्या मोसमात त्याच्या दारात शेजाऱ्यांकडून एकही माणूस आला नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण त्या गल्लीची एक रीत होती. प्रत्येक लॉजच्या काउंटरमागे किल्ल्यांचा लाकडी फळा असे, आणि त्यावर स्वतःच्या खोल्यांखेरीज शेजारच्या प्रत्येक लॉजची एकेक किल्ली टांगलेली असे. आपलं लॉज भरलं की दारात आलेल्या माणसाला ‘जागा नाही’ म्हणायचं नाही. शेजारची किल्ली काढून हातात द्यायची आणि बोटाने रस्ता दाखवायचा. कोणाचा पंप बिघडला, कोणाकडे मयत झालं, तरी गिऱ्हाईक गल्लीबाहेर जात नसे. यशवंताने नऊ खिळे आपल्या खोल्यांचे ठोकले आणि खालच्या ओळीत आणखी चार ठोकून रिकामे ठेवले. दुसऱ्या उन्हाळ्यात समोरच्या लॉजचे शेलार आबा स्वतः चालत आले, आपली एक किल्ली त्यांनी पहिल्या रिकाम्या खिळ्याला अडकवली, त्याची एक मागून घेतली आणि चहा पिऊन गेले. वर्षभरात बाकीच्या तिघांच्या आल्या. पुढे कधीही गेलं तरी यशवंत वहीवर टेकून बसलेला असे आणि त्याच्या डोक्यामागे तेरा किल्ल्या असत. मला तो फळा म्हणजे सजावट वाटायची.

मग मोबाईलवर खोल्या विकणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांतल्या एकीची माणसं यशवंताला भेटून गेली. त्यांची अट होती की सगळ्या खोल्या त्यांच्या यादीवर द्यायच्या आणि आलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवायचं नाही. यशवंताने मला बोलावलं, कारण हा माझा विषय होता. मी मोठ्या उत्साहाने गेलो. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर मी पाच चौकोन काढले. माझ्या विषयातली ही जुनी चौकट आहे, जगभर शिकवतात. मध्ये आपले प्रतिस्पर्धी आणि भोवती चौघं: गिऱ्हाईक, माल पुरवणारे, धंद्यात नव्याने शिरणारे आणि आपल्या मालाला पर्याय असणारे. यांतला कोण आपल्याला किती दाबू शकतो, त्यावरून आपला धंदा किती तरेल ते ठरतं.

‘आबांना कुठं लिहिलंस?’ यशवंताने विचारलं.

‘मधल्या चौकोनात. ते तुझे प्रतिस्पर्धी.’

‘आणि ही मोबाईलवाली?’

‘पुरवठादार. ती तुला गिऱ्हाईक पुरवणार.’

त्याने वही आपल्याकडे फिरवून घेतली. ‘म्हणजे आबा माझे वैरी, आणि जिचं तोंड मी बघितलं नाही ती माझा माल भरणारा वाणी,’ तो म्हणाला. मी हसलो आणि फळ्याकडे हात केला. या चार किल्ल्या म्हणजे तू रोज प्रतिस्पर्ध्याच्या तोंडात घास घालतोस, असं मी त्याला सांगितलं. वर्गात शोभावं असं वाक्य होतं. त्याने दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत मी त्याला तीन फोन केले, हेही आता लिहून ठेवतो.

किल्ल्या परत करायला जाताना त्याने मला सोबत चल म्हटलं. मी गेलो नाही. धंद्याचा निर्णय आहे, त्याला घरगुती रंग देऊ नकोस, म्हणालो. तो चार किल्ल्या रुमालात बांधून गेला आणि अर्ध्या तासात परत आला. रुमाल झटकून खिशात घातला.

‘आबांनी चहा विचारला नाही,’ तो म्हणाला.

‘चहा धंद्यात धरत नाहीत,’ मी म्हणालो.

एका ओव्हाळाला त्या गल्लीत विचारला गेलेला चहा काय असतो, हे मला कळायला हवं होतं. मी त्याच्या बाकावर बसलेला होतो…

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिले दोन मोसम लॉज भरलेलं राहिलं आणि मी वर्गात त्याचं उदाहरण देऊ लागलो. मग यशवंताकडून माणसं येईनाशी झाली तसे बाकीचेही एकेक करून त्याच यादीवर गेले. आता पाचही लॉज एका पडद्यावर खाली-वर दिसू लागली, आणि वर कोण, खाली कोण, खोलीचा भाव काय, हे कंपनी ठरवू लागली. एका जोडून आलेल्या सुट्टीत यशवंताचा पंप बिघडला. पूर्वी त्याने चार किल्ल्या काढून दिल्या असत्या. त्या दिवशी तो काउंटरवर उभा राहून लोकांच्या शिव्या ऐकत राहिला. शेजाऱ्यांकडे कोणत्या तोंडाने जायचं, असं नंतर बायकोला, शांतावहिनींना म्हणाला. गिऱ्हाइकांनी मोबाईलवर काय लिहायचं ते लिहिलं, लॉज यादीच्या तळाला गेलं आणि पुन्हा वर आलं नाही. दोनेक वर्षांनी त्याने पाटी उतरवली; बिऱ्हाड मात्र तिथेच राहिलं.

आणि मग मी लेख लिहिला. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत, छोटे व्यावसायिक आणि नवी अर्थव्यवस्था या विषयावर. त्यात ‘लोणावळ्यातला एक लॉजचालक’ होता, ज्याने विचार न करता स्वतःला एका कंपनीच्या हवाली केलं, कारण त्याच्याकडे व्यूहरचना नव्हती. नाव नव्हतं, पण लोणावळ्यात ते ओळखायला नावाची गरज नव्हती. लेखातलं एकही वाक्य खोटं म्हणता आलं नसतं. फक्त एक वाक्य त्यात नव्हतं: हा सल्ला त्याला मी दिला. ते आज लिहितो आहे.

तो लेख आल्यावर महिनाभर मी त्याच्याकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा पुरवणी काउंटरवर घडी करून ठेवलेली होती. ‘भाषा सोपी ठेवलीस ते बरं केलंस,’ यशवंत म्हणाला. ‘आबांनाही वाचता आली.’ नंतर त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्या लेखाबद्दल याहून जास्त तो कधी बोलला नाही, आणि मीही नाही.

शेवटची भेट जाण्याआधी दोन महिन्यांची. बोलता बोलता त्याने विचारलं, ‘ते पाच चौकोन अजून शिकवतात का रे?’ मी म्हणालो, शिकवतात. पण डिजिटल जगात ते चालतात की मोडीत निघाले, यावर वाद आहे. ‘बरं आहे,’ तो म्हणाला, ‘कायतरी टिकलं आपल्यातलं.’ आज विचाराल तर सांगेन की चौकट मोडीत निघालेली नाही. पुरवठा करणारा एकच असेल आणि घेणारे पुष्कळ, तर तो घेणाऱ्यांना पिळणार, हे त्याच चौकटीत पहिल्या दिवशी शिकवतात. मी स्वतः ते फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. कंपनीचं नाव मी बरोबर चौकोनात घातलं आणि त्या चौकोनाचा अर्थ वाचायचा विसरलो, कारण मोबाईल नवा होता आणि मला मागे पडायचं नव्हतं. चौकट खरोखर तोकडी पडली ती दुसऱ्या जागी. जो समोर दुकान मांडून बसला आहे आणि तरी तुझ्याकडे माणूस पाठवतो, त्याला त्या पाचांत जागा नव्हती. आबांना मी प्रतिस्पर्धी म्हणून लिहिलं, कारण दुसरा चौकोन रिकामा नव्हता. कंपनीने गल्लीत येऊन मोडायचं असं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं मी. ते काम आधीच झालं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम लॉजमध्येच झाला. बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली, मलाही बोलायला सांगितलं. मी शाळेच्या आठवणी सांगून बसलो. दुपार कलली तरी लांबचे पाहुणे निघाले नव्हते. नऊही खोल्या नातेवाइकांनी भरल्या होत्या आणि वराळ्याहून आलेल्या सुनीताच्या सासरच्यांना कुठे झोपवायचं, याची वहिनींना काळजी पडली होती. तेवढ्यात शेलार आबा काठी टेकत आले. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. त्यांचं लॉज मुलाने कंपनीला चालवायला दिलं आहे, दारावर कंपनीची पाटी आहे. आबांनी कोणाला काही विचारलं नाही. काउंटरमागे गेले, खिशातून एक किल्ली काढली आणि खालच्या ओळीतल्या पहिल्या खिळ्याला अडकवली.

‘मागची एक खोली तेवढी माजी हाय,’ ते वहिनींना म्हणाले. ‘झाडून ठिवलीया. तिगं झोपतील.’

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेलो. पायरीवर त्यांना थांबवून म्हणालो, ‘आबा, किल्ल्या परत द्यायला मी सांगितलं होतं त्याला. लेखात ते लिहिलं नाही.’

‘ठावं हाय,’ आबा म्हणाले. ‘किल्ल्या द्याया आला तवाच सांगितलंन त्यानं. म्हनला, मास्तरचं नाव घिऊ नका कुटं, त्याला कालिजात तोंड दावायचं अस्तंय.’

मग मला विचारावंसं वाटलं ते विचारलं. सगळं माहीत होतं, तर त्या दिवशी चहा का विचारला नाही?

आबांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. ‘त्यो आत कुटं आला? हुंबऱ्याभायेर उबा ऱ्हायला, रुमाल म्होरं धरून. लय सांगितलं, ये म्हनून. न्हाई आला.’ मग काठी उचलून ते रस्ता ओलांडून गेले.

परवा मी वहिनींना भेटून आलो. फळा तसाच आहे. वरच्या ओळीत नऊ किल्ल्या, खाली एक. सुनीताच्या सासरची मंडळी दुसऱ्याच दिवशी गेली. किल्ली परत न्यायला आबा आले नाहीत, वहिनींनीही पाठवली नाही. बाजूचे तीन खिळे रिकामे आहेत. त्यांच्यावर गंज नाही. यशवंत दर दिवाळीला त्यांना तेल लावायचा, असं वहिनी म्हणाल्या.