धुतलेला कूलर

गॅरेजच्या पाटीवर मिस्त्रीचं नाव होतं, पण गल्ली त्याला आग्याच म्हणायची, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. हातातून नट निसटला तर तो नटाला शिव्या द्यायचा आणि सापडला तर इतका वेळ कुठे होतास म्हणून आणखी चार द्यायचा. गिऱ्हाईक उशिरा आलं की राग, वेळेआधी आलं की डोक्यावर बसायला आलात का म्हणून राग. 'तुम्हीच एक कूलर बसवून घ्या' हा विनोद बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वापरून संपवला होता. काम मात्र असं की बोट ठेवायला जागा नाही. दुभत्या गाईच्या लाथा गोड, त्यामुळे लोक शिव्या खाऊनही त्याच्याकडेच यायचे.

सध्या गॅरेजात उभी होती ती लेकीची गाडी. दोनच माणसं बसतील अशी जुनी स्पोर्ट्स कार, लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचं इंजिन मिस्त्रीने आठ महिने खपून पुन्हा बांधलं होतं. एकेक बेअरिंग स्वतःच्या हाताने बसवलं होतं, दुसऱ्या कुणाला स्पर्शही करू दिला नव्हता. पण पहिल्याच चढावर तेलाच्या तापमानाचा काटा एकशे पस्तीस अंशांवर गेला. इतकं तापलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि मग बेअरिंगला वाली उरत नाही. तेव्हा तेल थंड करणारा जादा ऑइल कूलर बसवायचाच, यावर कधी नव्हे ते सासरे-जावयांचं एकमत झालं. येत्या रविवारी जुन्या गाड्यांचा ताफा डोंगरावर जाणार होता आणि लेकीला त्यात गाडी चालवायची होती.

मिस्त्रीने जावयाला कागदावर लिहून दिलं. तेरा ओळींचा कूलर, म्हणजे तेल फिरायला आत तेरा वाटा असलेला. एकोणीसचा आणाल तर तुमच्या डोक्यात घालीन, कारण फार मोठा कूलर तेलाला गरमच होऊ देत नाही आणि थंड तेलानेही इंजिन झिजतं. सोबत थर्मोस्टॅट हवा, म्हणजे ऐंशी अंशांच्या आत तेल कूलरकडे फिरकणारच नाही. शेवटी 'नवा' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

जावई प्रयोगशाळेत काम करणारा, शांत, नीटनेटका माणूस. त्याने कागदातलं सगळं पाळलं, फक्त शेवटचा शब्द सोडून.

"नवा यायला सहा आठवडे लागतील म्हणाले, बाबा. हा मित्राकडचा. त्याच्या गाडीचं इंजिन जाम झालं, बेअरिंगचा पार चुरा झाला, म्हणून त्याने गाडीच मोडीत काढली. कूलरवर मात्र ओरखडासुद्धा नाही."

मिस्त्रीने कूलर हातात घेतला. ओळी मोजल्या, तेरा. आटे पाहिले, कोरे. एकही पट्टी वाकलेली नाही. खोट काढायला काही सापडेना, तसा तो जास्तच पेटला.

"फेका हा उकिरड्यावर! फुटलेल्या इंजिनाचा कूलर माझ्या इंजिनाला लावता? त्या चुऱ्याने आतल्या बारीक वाटा भरल्या असतील! पहिल्याच चढावर सगळा बेअरिंगमध्ये उतरेल!"

"म्हणून तर तीनदा धुतला," जावई जराही न चिडता म्हणाला. त्याने पिशवीतून घडी घातलेलं पांढरं फडकं काढलं. "शेवटचं धुणं यातून गाळलं. भिंगाखाली पाहिलं. एक कण नाही."

फडकं खरोखरच स्वच्छ होतं आणि त्या स्वच्छ फडक्याचाच मिस्त्रीला सर्वांत जास्त राग आला. कारण असंच एक फडकं त्याने स्वतः एकदा उन्हात धरून पाहिलं होतं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, मऊ आवाजाचा, मुंगीलाही वाट देणारा माणूस. त्याने हौसेने अशीच एक दोन आसनांची गाडी घेतली होती. तिला मिस्त्रीने मोडक्या गाडीचा कूलर धुऊन, फडक्यावर तपासून बसवला. तीनशे किलोमीटरवर इंजिन जाम. गाडी ओढून आणली तेव्हा मिस्त्रीने चार लोकांसमोर त्या माणसाची सालटी काढली. "चष्मे विकता आणि समोरचा काटा दिसत नाही? तेलाचा दाब पडतोय, आणि तुम्ही गाणी ऐकत गाडी हाकताय! लायकी नसताना कशाला घ्यायच्या असल्या गाड्या?" चष्मेवाला खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं, मिस्त्री. माफ करा." तीन दिवसांनी मिस्त्रीने कूलर करवतीने मधोमध कापला. आतल्या कोपऱ्यांत चंदेरी कीस चिकटून बसला होता. धुताना तो हललाही नव्हता. गरम तेलाने आणि धक्क्यांनी मात्र सुटा झाला होता. मिस्त्रीने दोन्ही तुकडे भंगारात टाकले आणि तोंडाला कुलूप लावलं. आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता हे सांगितलं तर जावयासमोर नाक कापलं जाणार. नाही सांगितलं तर पांढरं फडकं जिंकणार आणि रविवारी आठ महिन्यांच्या मेहनतीची माती होणार. मिस्त्रीने तिसराच मार्ग धरला. तो आणखी मोठ्याने ओरडला.

"मी सांगतोय ना, नाही म्हणजे नाही! तुमच्या भिंगाला काय कळतंय!"

तेव्हा लेक पुढे झाली. आवाज बापाचाच, फक्त ती तो जपून वापरायची.

"बाबा, पुरे. लहानपणापासून ऐकतेय. तुम्ही आधी ओरडता आणि कारण कधी सांगतच नाही. यांनी पुरावा आणलाय. तुमच्याकडे काय आहे? असेल तर दाखवा. नाहीतर बसवा कूलर, मला रविवारी जायचंय."

मिस्त्रीने पान्हा फरशीवर आपटला. उचलला. पुन्हा आपटला. मग गाडीच्या बॉनेटकडे तोंड करून, जणू तिलाच दम देत असल्यासारखं, सगळं सांगून टाकलं. फडकं, तीनशे किलोमीटर, चष्मेवाला, करवत, चंदेरी कीस.

जावयाने कूलर पिशवीत घातला. तेवढ्यावर भागलं असतं, पण लेक बापाकडे पाहत राहिली.

"आणि त्यांना सांगितलंत?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? चष्मेवाल्यांना!"

मिस्त्री पान्हा पुसू लागला.

"बावीस वर्षं?" तिचा आवाज चढला. "त्यांच्या दुकानावरून रोज जाता तुम्ही! मग आम्हाला सांगून काय उपयोग? माझं इंजिन वाचलं. त्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मिस्त्री चष्म्याच्या दुकानात शिरला. आत एक बाई फ्रेम लावून आरशात बघत होती. चष्मेवाला आता पुरता पिकला होता. मिस्त्रीने काउंटरवर वाकून, स्वतःलाच अनोळखी वाटेल अशा दबक्या आवाजात सांगितलं, की गाडी तुमच्यामुळे गेली नव्हती, खराब कूलर मीच बसवला होता आणि ते मला तीन दिवसांतच कळलं होतं.

चष्मेवाल्याने हातातला रुमाल खाली ठेवला. त्याने स्वतःचा चष्मा काढला. मिस्त्रीला वाटलं, हा आता रडणार.

"मी ती गाडी मिळेल त्या भावात विकली," चष्मेवाला म्हणाला. "त्यानंतर कुठल्याच गाडीच्या चाकाला हात लावला नाही. आपल्याला अक्कल नाही, आपल्या हातून माणूस मरेल, असं वाटायचं. बायकोला दवाखान्यात न्यायचं झालं तरी शेजाऱ्याच्या पाया पडायचो. आणि तुम्ही तीन दिवसांतच ओळखलं होतंत? तीन दिवसांत?" शेवटचे शब्द तो ओरडला. बाईच्या हातातली फ्रेम पडली. या माणसाचा चढलेला आवाज त्या चौकात कुणी ऐकलाच नव्हता.

"चूक माझी होती," मिस्त्री पुटपुटला.

"हळू काय बोलता? तेव्हा चार लोकांत बोललात ना? सगळ्या गल्लीला ऐकू गेलं होतं! दारात उभे राहा आणि बोला."

मिस्त्रीच्या मुठी आवळल्या. आयुष्यात त्याला कुणी असं फर्मावलं नव्हतं. कानशिलं तापली, शिवी जिभेवर आली. ती गिळून तो दारात गेला. समोर पानवाला, शिंपी, उभी असलेली दोन-चार माणसं.

"यांची गाडी माझ्यामुळे बिघडली होती," तो म्हणाला. "यांची चूक नव्हती."

शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.

"रस्त्यापलीकडे पोचलं नाही," मागून चष्मेवाला म्हणाला. "पुन्हा."