अक्काचा प्रश्नोत्तराचा तास

संसदेनं पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव ठेवल्या आणि शिरूर तालुक्यातल्या एका गावात माझी थोरली बहीण सरपंच झाली. म्हणजे कागदावर. कारभार दाजीच बघायचे. ग्रामसेवक घरी यायचा, अक्का चुलीपुढून उठून हात पुसायची आणि तो दाखवेल तिथं सही करायची. तिला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

एकदा ती दौंडला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आली. हे ड्युटीवर गेलेले. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो आणि टीव्हीवर लोकसभा चालू होती. मी बंद करायला उठले.

"राहू दे गं," अक्का म्हणाली. "ह्यो कोण उठला?"

"मंत्री हाय. खासदारानं प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर देतोय."

"आन् न्हाई दिलं तर?"

"द्यावंच लागतं. उभं राहून, सगळ्यांसमोर."

हिंदी तिला अर्धीमुर्धीच कळायची. तरी जुडी हातात तशीच धरून ती शेवटपर्यंत बघत राहिली.

पुढच्या ग्रामसभेला ती स्वतः गेली. तिनं निरोप धाडला म्हणून मीही गेले. दाजी नेहमीसारखे बोलायला लागले, तशी अक्का पदर सावरत म्हणाली, "आवो, नळ आपल्या आळीत कवाच आला. बौद्धवस्तीत अजून का न्हाई?"

दाजी हसले. "घरी बोलू की."

"घरी न्हाई. कारभार तुम्ही केलाय, तवा उत्तरबी तुम्हीच द्या. उभं राहून."

मागून वस्तीतले एक आबा म्हणाले, "सरपंचबाईंनी इचारलंय, सांगा की."

दाजी उठले. "पाइप कमी पडलं," कसंबसं म्हणाले.

"मग आता येतील ते तिकडंच टाकायचं," अक्का म्हणाली आणि ग्रामसेवकाला तसा ठराव लिहायला लावला.

संध्याकाळी घरात भांडण पेटणार, असं मी धरूनच चालले होते. पण जेवून हात धुताना दाजींना हसू फुटलं. "पुढच्या बारीला काय इचारणार हाय, ते आधी सांगत जा बाई!"

उन्हाळा लागायच्या आत वस्तीत पाणी आलं. तिथल्या बायकांनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं. नव्या नळाचं पाणी जरा गढूळच होतं, पण चहा फक्कड झालेला. अक्कानं दुसरा कप स्वतःहून मागून घेतला.