झाकलेल्या दोन ओळी

एकवीस नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटे.

ही वेळ मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, आणि जिच्याबरोबर एका बाकावर बसून रसायनशास्त्राची पदवी घेतली त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. त्यामुळे सोपे जाईल असे वाटले होते. जात नाही. एवढे लिहीपर्यंतच मी एकदा उठून दाराची कडी तपासून आले आहे.

ती वेळ एका फाइलची आहे. फाइलमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला, हे संगणक स्वतःहून टिपून ठेवतो. कुणी फाइलवर माउसचे उजवे बटण दाबून पाहिले तर ते सहज दिसते. गेले वर्षभर मी त्या बटणाला घाबरून जगते आहे.

पण क्रमाने सांगायला हवे. क्रमाने सांगणे हे माझे शिक्षण आहे, आणि माझी लपण्याची जागाही.

मी पेणला, रामवाडीत राहते आणि रोह्याजवळच्या एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. मला तिथे फार काळ थांबायचे नव्हते. बाटल्यांना लेबले चिकटवत आयुष्य काढण्यासाठी मी शिकले नव्हते, असे मी तेव्हा फार ठामपणे म्हणत असे. म्हणून सुट्टीच्या दिवशी घराजवळच्या संगणक क्लासला जाऊ लागले आणि एचटीएमएल शिकले. वेब पान बांधण्याची ती रीत मला पहिल्याच दिवशी आवडली. जे उघडले ते बंद करायचे. मथळा मथळ्याच्या खुणांमध्ये ठेवायचा, तक्त्याची ओळ ओळीच्या खुणांमध्ये. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचे, सेव्ह करायचे, ब्राउझरमध्ये रिफ्रेश करायचे — आणि पान समोर उभे. प्रयोगशाळेत एखादा निष्कर्ष मिळायला दिवस जातो. इथे तो डोळ्यांदेखत मिळत होता.

क्लासमधल्या मॅडमनी काही तासांनंतर कॉमेंट शिकवली. मजकुराच्या आधी एक खूण, नंतर एक खूण. मधला मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो, पण पान पाहणाऱ्याला दिसत नाही. "पुसू नका गं, झाकून ठेवा. नंतर लागतं," त्या म्हणाल्या होत्या. सगळा वर्ग हसला होता, कारण मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "मॅडम, मार्कशीटला चालेल का हे?" मीही हसले होते.

मग मी साहेबांना — आमच्या प्लांटच्या व्यवस्थापकांना — सुचवले की प्लांटमधल्या प्रत्येक रसायनासाठी एक पान करते. रंग, वास, कोणते हातमोजे घालायचे, अंगावर उडाले तर काय करायचे, जमिनीवर सांडले तर काय करायचे. सगळे मराठीत, मोठ्या अक्षरांत, पॅनेल रूमच्या, म्हणजे जिथून यंत्रे चालवतात त्या खोलीतल्या, संगणकावर. भिंतीवर तेव्हा पत्र्याचे जुने फलक होते, गंजलेले, अर्धे पुसलेले. पाने तयार होतील तसे ते काढून टाकावेत, असेही मीच सुचवले. ते काढले गेले. हे लक्षात ठेवा. मी ते कधीच विसरू शकलेले नाही.

हिराजीकाका मला त्याच दिवसांत भेटले. खांब गावचे राहणारे, कंपनीत जुने ऑपरेटर. घरी भातशेती, आणि भात झाल्यावर त्याच वावरात वाल. पडद्यावरचे पान त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिले.

"काय गो मॅडम, आता पत्र्यावरचं नाय वाचायचं, टीव्हीवरचं वाचायचं व्हय?"

"हो काका. सोपं आहे."

"मग मॅच पण लाव की मधी मधी."

त्यानंतर ते मला टीव्हीवाली मॅडम म्हणू लागले. मला राग आला नाही. उलट, नव्या माणसाला ते स्वतः पडद्यापाशी नेत आणि सांगत, "विचारायचं नाय कोनाला. हिनं लिवलाय सगळा, तो वाचायचा." माझ्या शब्दावर एवढा विश्वास त्याआधी कुणीच ठेवला नव्हता.

एका मोठ्या ग्राहक कंपनीची माणसे प्लांट पाहायला येणार होती. आदल्या दिवशी साहेबांनी पाने पाहिली. एका रसायनाचे पान लांब झाले होते. शेवटच्या दोन ओळी पडद्याखाली जात होत्या आणि माउसने खाली सरकवल्याशिवाय दिसत नव्हत्या. "एका नजरेत दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले. ते बरोबरच होते. अक्षरे लहान करता आली असती. दोन स्तंभ करता आले असते, पण ते मला अजून नीट जमत नव्हते, आणि जमत नाही हे मला सांगायचे नव्हते. मी त्या दोन ओळींच्या आधी एक खूण टाकली आणि नंतर एक खूण टाकली. रिफ्रेश केले. पान देखणे दिसले.

त्या ओळी होत्या: जमिनीवर सांडल्यास पाणी टाकू नये. कोरडी वाळू टाकावी आणि ताबडतोब बाहेर पडावे.

ते रसायन पाण्याला भेटले की भडकते आणि त्याची आम्लाची वाफ होते. अंगावर उडाले तर मात्र भरपूर पाण्याने धुवायचे असते. ती ओळ पानावर राहिली होती, अगदी तळाशी, ठळक अक्षरांत: भरपूर पाणी वापरावे.

पाहुणे येऊन गेले. साहेबांनी माझे नाव घेऊन कौतुक केले.

आता — तुम्ही म्हणाल, विसरली असेल. मीही वर्षभर स्वतःला तेच सांगत आले. घाई होती, नवी होते, विसरले. पण ते खरे नाही. त्याच आठवड्यात, रोह्याहून पेणला येताना निडी स्टेशनवर गाडी उभी असताना मला त्या ओळी स्पष्ट आठवल्या. उद्या करू, असे मी ठरवले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, खुणा काढल्या, पान पुन्हा लांब आणि बेढब झाले — आणि मी बदल सेव्ह न करता फाइल बंद केली. दोन स्तंभ शिकले की करू. तोवर काय होणार आहे? ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. असा विचार मी केला. मी, जी प्रयोगशाळेत मोजमाप केल्याशिवाय एका थेंबावरही विश्वास ठेवत नाही.

एकवीस नोव्हेंबरला हिराजीकाका त्या विभागात बदलीवर आले होते. त्यांचे नेहमीचे काम दुसरीकडे होते. हे रसायन त्यांच्या हाताखालचे नव्हते. एका पिंपाची तोटी गळू लागली. दुसऱ्या कुणी जुन्या अनुभवाने काहीतरी केले असते. त्यांनी मी सांगितले होते तेच केले. ते पॅनेल रूममध्ये गेले, पडद्यावरचे पान वाचले, शेवटची ओळ वाचली आणि पाण्याचा पाइप घेऊन आले.

मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून पांढरी वाफ पाहिली. ती कशाची आहे, हे मला त्याच क्षणी समजले. आणि का आहे, हेही. कुणीतरी तोंडाला ओला रुमाल बांधून त्यांना ओढून बाहेर आणले. तो खोकला मी लिहू शकत नाही. रुग्णवाहिका गेली. सगळे आवारात उभे होते, कुणी रडत होते, कुणी फोनवर ओरडत होते. मी काय केले? मी पॅनेल रूममध्ये गेले. तिथे कुणी नव्हते. फाइल दोनदा चुकीची उघडली. मी खुणा काढल्या आणि सेव्ह केले. अकरा बेचाळीस.

मग बाहेर येऊन सगळ्यांत मिसळून उभी राहिले.

चौकशी झाली तेव्हा हिराजीकाका रुग्णालयातून घरी आले होते. साहेबांनी त्यांना पडद्यासमोर बसवले आणि मला पान उघडायला सांगितले. मी उघडले, खाली सरकवले. त्या दोन ओळी तिथे होत्या. साहेबांनी मला विचारले, "हे पहिल्यापासून होतं?" मी म्हणाले, "हो सर." आवाज नेहमीसारखाच निघाला, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. काकांनी पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवले. बोट ओळीवरून हळूहळू सरकले.

"हाय की इथं," ते म्हणाले. "हाय. मलाच कसा नाय दिसला?"

तेव्हा बोलता आले असते. खोलीत आम्ही तिघेच होतो, पंखा चालू होता, वेळ भरपूर होता. माझी नजर मात्र साहेबांच्या हाताखालच्या माउसवर होती. त्यांनी उजवे बटण दाबू नये, एवढे एकच मी मनात म्हणत होते. त्यांनी दाबले नाही. सूचनेचे पालन न केल्यामुळे अपघात, असे ठरले. काकांचे काम गेले. मला पुढच्या पदावर घेण्यात आले.

मी खांबला जाऊ लागले ती त्यानंतर. दयेने गेले नाही. त्यांना त्या सकाळचे नेमके काय आठवते, ते पाहायला गेले. दार उघडताना त्यांचा चेहरा कसा होतो, ते पाहायला गेले. डॉक्टरांनी त्यांना श्वास मोजायचे एक प्लास्टिकचे नळकांडे दिले होते. जोरात फुंकले की त्यातला काटा आकड्यावर सरकतो. त्यावरच्या बारीक रेघा घरात कुणाला नीट लागेनात, म्हणून ते काम माझ्याकडे आले. दर रविवारी मी पेणहून एसटीने जाते, काका फुंकतात, मी आकडा मोबाइलमध्ये टिपते.

"आली बघा पिपाणीवाली," काकी हसून म्हणतात. मग पडवीत पाट मांडतात, चहा देतात आणि निघताना पिशवीत वाल भरतात. "पोटच्या पोरीनं नाय केला एवढा, गो." मी ते वाल घरी आणते. आई मोड आणून त्यांचे बिरडे करते. मी खाते.

आणि काका? काका येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगतात. चार शब्दांनंतर थांबतात, श्वास घेतात, पुन्हा सांगतात. "चष्मा नव्हता लावला. नायतर एवढा मोठा लिवलेला दिसला नसता व्हय? पोरीनं तर सगळा लिवला होता." मग माझ्याकडे पाहतात, आणि मी होकाराची मान हलवते. माझी सर्वांत मोठी लबाडी ती फाइल नाही; ही हलवलेली मान आहे. एका माणसाला मी त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावले आणि वर्षभर, दर रविवारी, त्या संशयाला दुजोरा देत राहिले.

आता भीती बदलली आहे. पूर्वी फोन वाजला की कंपनीने शोधले, असे वाटे. आता फोन वाजला की खांबहून असेल, असे वाटते. दर रविवारी मी आधी काट्याकडे पाहते. निरोगी पुरुषाच्या फुंकरीने तो चारशेच्या पुढे सहज जातो. सुरुवातीला काकांचा तीनशेच्या आसपास येत असे. पावसाळ्यात तो घसरला आणि पुन्हा वर आला नाही.

काकांची सून त्यांना दुपारी छापील मजकूर वाचून दाखवते. जे हाती येईल ते. ज्या मासिकासाठी मी हे लिहिते आहे त्याचा अंकही त्या घरी जाईल, कारण ते मीच त्यांना सुरू करून दिले आहे. ती मोठ्याने वाचेल. कोणत्या ओळीवर तिचा आवाज थांबेल, हे मी ओळखू शकते. साहेबांनाही हे कळेल. फाइल अजून त्याच संगणकावर आहे, तिला मी पुन्हा हात लावलेला नाही. ती दुपार कशी असेल, याची कल्पना मी करू शकत नाही, आणि करणे थांबवूही शकत नाही.

इथे मी एक परिच्छेद लिहिला होता: वय किती होते, दडपण किती होते, याबद्दल. तो झाकला नाही. पुसून टाकला.

परवाच्या रविवारी काकांनी तीनदा फुंकले. तिसऱ्यांदा डोळे मिटून, पडवीचा खांब धरून. मग डोळे न उघडताच विचारले, "वाढला का गो?" मी म्हणाले, "बरा आहे, काका." आणि खाली पाहून टिपले.

दोनशे दहा.