श्रीमंत मैलकुल्याचा मालखाना

श्रीमंत सोनकांबळे हे नाव ऐकून हसणारी माणसं मुरुडात पुष्कळ होती. त्यानं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. बांधकाम खात्यात तो मैलकुली होता. लातूर-बार्शी रस्त्याचा मुरुडाजवळचा चार मैलांचा तुकडा त्याच्या हवाली होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांना आळी करायची, मैलाच्या दगडांना चुना फासायचा, हे त्यानं एकतीस वर्षं केलं. या चार मैलांत त्याला विचारल्याशिवाय बाभळीचा काटासुद्धा पडत नाही, असं गावात म्हणत.

काटा पडत नसेल, पण बाकी सगळं पडायचं. रस्ता म्हटला की माणसं काही ना काही पाडत जाणारच. बैलगाडीच्या चाकाची खीळ, ट्रकचा बोल्ट, सायकलचा पंप, छत्री, किटलीचं झाकण, दोरखंडाचे तुकडे, आणि चपला तर किती. चपला त्याच्याकडं त्रेचाळीस होत्या, सगळ्या एकेकट्या, आणि त्यातल्या तीस डाव्या पायाच्या. गाडीच्या साट्यावर बसणारा माणूस डावाच पाय खाली सोडतो, असं त्याचं निरीक्षण होतं.

सापडलेली वस्तू रस्त्यावर ठेवायची नाही आणि वापरायचीही नाही, हा त्याचा नेम. ती घरी न्यायची आणि जपून ठेवायची, म्हणजे मालक आला की त्याच्या हातात देता येईल. एकतीस वर्षांत मालक तीन आले. एक कंपाउंडर पिशवीसाठी, एक बाई तव्यासाठी, आणि लग्नाच्या बँडमधला एकजण आपल्या सनईच्या टोकाच्या पितळी वाटीसाठी. ती वाटी घेऊन त्यानं ओसरीतच एक गाणं वाजवून दाखवलं होतं. त्या गाण्यावर श्रीमंतचा नेम पुढं वीस वर्षं जगला.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत चूल, बिछाना, ट्रंक आणि माणसं. आतल्या खोलीत मालकांची वाट बघणारं सामान. त्याची बायको चांगुणा त्या खोलीला मालखाना म्हणायची. पोलीस ठाण्यातल्या मालखान्याला निदान खिडकी असते, असंही म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात तर खोलीला पूर आला. खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या माणसांनी भरलेले ट्रक दिवसभर धावायचे आणि बिऱ्हाडं रस्त्यावर सांडत जायची. त्या वर्षी तिथल्याच पाच पत्र्याच्या डब्यांत चांगुणानं टँकरचं पाणी भरून ठेवलं होतं, आणि गल्लीतल्या बायांनाही दिलं होतं. ‘बघ, लागलं का न्हाई’ हे वाक्य श्रीमंतनं तेव्हा एकदाच म्हटलं. चांगुणाला ते दहा वर्षं ऐकू येत होतं.

नोकरी संपली तरी तो सकाळी उठून आपला तुकडा चालून यायचा. आणि रिकाम्या हातानं सहसा यायचा नाही.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून कचेऱ्या निघाल्या, साहेब निघाले, कारकून निघाले, आणि लातुरात भाड्याची खोली मिळेना. जिथं म्हणून म्हशी बांधायचे तिथं चुना फासून लोकांनी कारकून ठेवले. पंचशीलाचा नवरा रामकिशन याचीही बदली झाली. पंचशीला ही श्रीमंतची एकुलती एक लेक. तिचं पत्र आलं की खोली मिळेपर्यंत आम्ही चौघं मुरुडातच राहू आणि हे एस.टी.नं येजा करतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो.

पोळ्याला दहा दिवस होते. चांगुणानं पत्र शेजाऱ्याकडून दोनदा वाचवून घेतलं, मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. ते दार अर्धंच उघडत असे.

“जावयाला कुठं निजवायचं?” तिनं विचारलं. “त्या डाव्या चपल्यांवर?”

श्रीमंतला ते पटलं. जावई म्हणजे जावई. दुसऱ्याच दिवशी अंघोळ करून, धोतर खोचून त्यानं आवरायला सुरुवात केली. पहिल्यांदा हाताला एका कंदिलाचा सांगाडा लागला. तो कुठं सापडला, तेव्हा पाऊस कसा होता, त्या आठवड्यात कोण साहेब दौऱ्यावर आला होता, हे त्याला एकेक आठवत गेलं. सांगाडा पुसून बाजूला ठेवला तोवर जेवणवेळ झाली. चार दिवसांत त्यानं साठ वस्तू अंगणात काढल्या. त्या कुणाच्या तरी आहेत म्हणून टाकता येईनात, आणि आभाळ भरून आलं म्हणून चौथ्या संध्याकाळी आत घ्याव्या लागल्या. आत घेताना मोजल्या तर बासष्ट भरल्या. श्रीमंत काहीतरी गोळा करतोय असं वाटून शेजारच्या केवळाबाईनं आपल्याकडची फुटकी सूपं आणून त्यात ठेवली होती.

इकडं चांगुणाचा धीर सुटला. पाचव्या दिवशी पहाटे श्रीमंत रस्त्यावर गेल्याचं बघून तिनं भंगारवाल्या खाजामियाँला बोलावलं आणि हाताला येईल ते पोत्यांत कोंबलं. पोतीही मालखान्यातलीच. खाजामियाँ सायकलला दोन्हीकडं पोती बांधून लातूरच्या वाटेला लागला. पण त्यातलं एक पोतं दहा वर्षं उंदरांच्या ताब्यात होतं. दुसऱ्या मैलाच्या दगडाजवळ त्याचा तळ गेला आणि पुढं फर्लांगभर माल सांडत गेला. खाजामियाँला ऐकू कमी यायचं.

आठच्या सुमाराला श्रीमंत घरी आला तो डोक्यावर पटक्याचं गाठोडं घेऊन. चेहरा उजळलेला. त्यानं ओसरीवर गाठोडं सोडलं.

“आज रस्त्यानं लई दिलं,” तो म्हणाला.

चांगुणानं बघितलं. बिजागऱ्या, ट्रकच्या दिव्याचं कडं, सायकलचा पंप, किटलीचं झाकण. ती चुलीपाशी जाऊन बसली. झाकण झाकणांच्या जागी ठेवायला श्रीमंत आत गेला तेव्हा त्याला ती जागा रिकामी दिसली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. दोघांनी त्या दिवशी एकमेकांशी बोलणं टाकलं. एवढ्याशा घरात ते फार अवघड जायचं. एकानं दुसऱ्याला ओलांडल्याशिवाय माठापर्यंत पोचता येत नव्हतं.

पोळा चार दिवसांवर आला आणि सरजाबाई दारात उभी राहिली. ही दोन कोसांवरच्या एका वाडीची, कुणब्याची म्हातारी. बाजारात कुणी तिला सांगितलं होतं की रस्त्यावर हरवलेलं मैलकुल्याच्या घरी असतं. बहात्तर साली चारा संपला तेव्हा त्यांनी घरची बैलजोडी विकायला काढली होती. बैल दिले, पण त्यांच्या गळ्यातली घुंगुरमाळ द्यायची नाही म्हणून तिनं ती काढून गाठोड्यात बांधली, आणि गाठोडं सैल होऊन माळ वाटेत कुठंतरी पडली. परत फिरून दिवस मावळेपर्यंत शोधली, पण गावली नाही. मग दहा वर्षं दावणीला बैल नव्हता, म्हणून माळेची आठवण काढायचं कारणही नव्हतं. औंदा पोरानं जोडी आणली होती. घरचा पोळा दहा वर्षांनी होणार होता.

“लाल वादीची. अठरा घुंगरं,” ती म्हणाली. “त्यातलं एक मुकं हाय.”

श्रीमंतच्या छातीत आनंद मावेना. एकतीस वर्षांचा नेम ज्यासाठी धरला ते माणूस समोर उभं होतं. त्याला माळ लख्ख आठवत होती. वादी वाळू नये म्हणून त्यानं तिला तेल लावलं होतं. “आक्का, माळ हाय,” तो म्हणाला. “तुमची हाय आन् जपून ठेवल्याली हाय. बसा दोन मिंटं.”

चांगुणानं अंगणात घोंगडी टाकली आणि पाण्याचा तांब्या आणला. सरजाबाई म्हणाली, तहान न्हाई. श्रावणातल्या उन्हात दोन कोस चालून तहान न लागणारी माणसं चांगुणानं आपल्या दारात जन्मभर बघितली होती. तिनं आग्रह केला नाही.

दोन मिनिटं झाली. तास झाला. आत लोखंड कोसळल्याचे आवाज येत राहिले. मधूनच श्रीमंत धुळीनं पांढरा होऊन बाहेर यायचा, हातातली कुणाची तरी वस्तू अंगणात ठेवायचा, “आत्ता देतो” म्हणायचा आणि पुन्हा आत शिरायचा. दिवस कलला तेव्हा सरजाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि उद्या येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा अंगण भरलं होतं आणि तिला बसायला जागा शोधावी लागली. श्रीमंतच्या पाठीत उसण भरली होती. चांगुणानं अबोला गुंडाळून ठेवून पदर खोचला होता आणि ती सामान बाहेर काढू लागत होती. गल्लीतल्या बाया कामं टाकून बघायला जमल्या. दुपार झाली. उन्हानं आणि धुळीनं सरजाबाईचा घसा कोरडा पडला. तिनं आपण होऊन चांगुणाकडं तांब्या मागितला, घटाघटा प्याली, चहाही घेतला आणि शेवटी बोलली. रागानं नव्हे, नुसतं वाटलं ते.

“दादा, रस्त्यावर पडली तवा ती या चार मैलांत कुठंतरी हाय, इतकं तरी ठाव होतं,” ती म्हणाली. “तुमी उचलली आन् ती जास्तच हरवली.”

कुणी हसलं नाही. श्रीमंत हातात एक फाटका टायर धरून तसाच उभा राहिला. बायको, गल्ली, कुणाच्याही बोलण्यानं जे त्याच्या आत गेलं नव्हतं ते गेलं. मालकाची वस्तू मालकाला मिळू नये अशी व्यवस्था आपणच केली, हे त्याला दिसलं. त्यानं टायर अंगणात फेकला. जपून ठेवला नाही, फेकला. त्यानंतर तो वस्तूंकडं न बघता त्या बाहेर काढत सुटला. चांगुणाला त्याच्या मागं राहणं जमेना.

तिसऱ्या प्रहरी मागची भिंत दिसली. दहा वर्षांत ती कुणी बघितली नव्हती. भिंतीत एक खिळा होता आणि खिळ्याला घुंगुरमाळ लटकत होती. मालक आला की पटकन सापडावी म्हणून बहात्तर साली त्यानं ती सगळ्यांत मोक्याच्या जागी टांगली होती. मग तिच्यापुढं एकेक ठेवत गेला होता.

सरजाबाईनं माळ हलवून ऐकली, मुकं घुंगरू चाचपलं, पदरानं पुसलं. जाताना चांगुणाला म्हणाली, पोळ्याला येऊन बैलं बघून जा.

श्रीमंत अंगणात त्या ढिगात बसून राहिला. चांगुणानं मात्र वेळ घालवला नाही. हा माणूस शुद्धीवर यायच्या आत तिनं खोली झाडली आणि शेणानं सारवून घेतली. ओल्या सारवणावर कुणी सामान ठेवत नाही, हा तिचा हिशेब. पण त्याची गरज पडली नाही. सकाळी श्रीमंतनं अंगणातल्या सामानाच्या रांगा लावल्या आणि गल्लीत सांगून टाकलं की ज्याला ज्याचं काम असेल त्यानं ते न्यावं. एकच अट घातली. काय कामाला पाहिजे ते सांगायचं.

लोक आले. म्हशीला बांधायला साखळी गेली, मोटेच्या चाकासाठी कणा गेला, चपलांचं रबर एका चांभारानं तळांसाठी नेलं. सटवाजी नावाचा एक बागाईतदार पाच दोरखंडं उचलून निघाला. श्रीमंतनं कामाचं विचारलं तर म्हणाला, असू द्यावं घरात, लागंल कधीतरी. श्रीमंतनं पाचही दोरखंडं त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली आणि त्याला जवळ बसवून अर्धा तास असं काही समजावलं, की चांगुणानं आतून ते ऐकून तोंडात पदर कोंबला. राहिलं ते खाजामियाँ दोन खेपांत घेऊन गेला. या वेळी त्यानं स्वतःची पोती आणली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रामकिशन बायकापोरांसह आला. मोकळी, सारवलेली खोली बघून त्याला फार बरं वाटलं. मामांनी आमच्यासाठी एवढं केलं, असं तो कचेरीत सांगत राहिला. त्याचा गैरसमज कुणी दूर केला नाही. लातुरात खोली मिळायला त्याला चौदा महिने लागले.

श्रीमंतचं सकाळचं चालणं सुटलं नाही आणि रस्त्यावर वस्तू पडायच्याही थांबल्या नाहीत. त्या उचलल्याशिवाय त्याला राहवेना आणि घरी नेणं तर आता नको होतं. मग तो सापडलेली वस्तू तिसऱ्या मैलाच्या दगडाजवळच्या कडुलिंबाला टांगू लागला. बसमधून, गाडीतून, पायी, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ती दिसायची. पहिल्या सहा महिन्यांत अकरा मालक आपापली वस्तू काढून घेऊन गेले.

घोळ एवढाच झाला की परगावच्या बायांना ते झाड नवसाचं वाटलं. छत्र्या, पिशव्या, टोप्या लटकताहेत म्हणजे काहीतरी देवस्थान असणार. एकीनं खणाचा तुकडा बांधला, दुसरीनं बुंध्याला शेंदूर लावला. श्रीमंतला ते फार लागलं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच त्याच्या बापानं घरातले देव बाहेर काढले होते, आणि आता त्याच्याच हातून रस्त्यावर एक नवा तयार झाला होता. बादलीभर पाणी नेऊन त्यानं शेंदूर धुतला, आणि पुढं कुणी हात जोडलेलं दिसलं की थांबून सांगायचा, ‘हितं देव न्हाई बाई, तुमचं काई हरवलंय का तेवढं बघा.’

एका सकाळी झाडाखाली सोललेला नारळ ठेवलेला सापडला. ठेवलेला की पडलेला, हे त्याला ठरवता येईना. म्हणून त्यानं तो सुतळीत बांधून फांदीला टांगला आणि मालकाची तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी चांगुणा स्वतः चालत गेली, नारळ सोडून घेऊन आली आणि तिनं लसूण घालून त्याची चटणी वाटली. रामकिशननं त्या चटणीबरोबर दोन भाकरी जास्त खाल्ल्या. श्रीमंतनं आधी नाही म्हटलं, मग जरा चाखून बघितली.