मी धरलेलं मनगट
काल कपाट आवरताना दुर्बिणीच्या जुन्या पिशवीतून मोहाच्या फुलांचा आंबूस गोड वास आला आणि सुरगाण्याची ती सकाळ समोर उभी राहिली. वानरांच्या एका टोळीचं वागणं टिपायला मी वर्षभर तिथे होते. वाट दाखवायला पाड्यावरची एक बाई यायची. टोळीतली प्रत्येक मादी ती नुसत्या शेपटीवरून ओळखायची. त्या दिवशी, जुन्या नराला हुसकावून आलेला नवा नर मोहाच्या झाडावर एका पिल्लाच्या अंगावर धावला. नवे नर आधीची पिल्लं मारतात, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात, हे मी वाचलेलं होतं. बाईने धोंडा उचलला. मी तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "मध्ये पडायचं नाही, नोंद बिघडते." "सोड बाई, लेकरू मारील तो!" ती ओरडली. मी सोडलं नाही. पिल्लू खाली पडलं, आणि मी शहाण्यासारखी घड्याळ पाहून वेळ लिहिली. त्या नोंदीवर मला पीएचडी मिळाली, टाळ्याही मिळाल्या. रोज लाकडं फोडणारा तिचा हात माझ्या पकडीतून एका झटक्यात सुटला असता. तिने झटका दिला नाही, कारण मी नाशिकहून आलेली मॅडम होते.