बीजींच्या भिंतीवरची अमेरिकेची सही

बीजी गेल्याचं अमेरिकेला मी कळवलं. मी आठवी पास, बँकेची स्लिपसुद्धा अजून दुसऱ्याकडून भरून घेते. सकाळी सातला चहा घेऊन खाली गेले तर बीजी उठल्या नव्हत्या, हाक मारली, पाय हलवला, पाय गार लागला, पण जानेवारीत चंदीगडला सगळ्यांचेच पाय गार असतात म्हणून मी आणखी एकदा हलवला... मग चहा तिथंच स्टुलावर ठेवला आणि वर पळत जाऊन ह्यांना उठवलं. जवळच्या खरड गावाहून बीजींचा पुतण्या यायला दोन तास गेले. त्यानं डॉक्टर आणला, डॉक्टरनं मान हलवली, आणि पुतण्या मला म्हणाला, बिट्टूला तुम्हीच फोन करा, मला नाही जमायचं. खालच्या फोनवरून परदेशी लागत नाही, मग बावीस सेक्टरच्या मार्केटातल्या एसटीडी बूथवर पोरीला कडेवर घेऊन गेले, बाहेर धुकं असं की समोरचं दुकान दिसंना, आणि नंबर फिरवला. बिट्टू म्हणजे बीजींचा एकुलता एक मुलगा, मी त्यांना वीरजी म्हणते, म्हणजे दादा. त्यांनी ‘हॅलो’ म्हणलं तर माझ्या तोंडून आधी निघालं, ‘वीरजी, इकडं आम्ही सगळे ठीक आहोत.’ असं कसं निघालं मला माहीत नाही. मग सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ‘चहा घेतला होता का तिनं?’ मी म्हणलं, नाही.

त्याला आता दीड महिना झाला. मला रडू आलेलं नाही. भांडी घासते, पोरीला शाळेत सोडते, परत येते, खालच्या खोलीचं कुलूप बघते आणि वर जाते.

बीजी म्हणजे पंजाबीत आई, पण त्या आमच्या घरमालकीण. खाली त्या एकट्या, वर गच्चीवरच्या खोलीत आम्ही तिघं. आम्ही मूळचे विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेलीत, तसे आमचे हे इथं सराफाच्या दुकानामागं भट्टीवर असतात. लग्न होऊन आले तेव्हा मी एकोणीसची, हिंदी जेमतेम, पंजाबी तर काहीच कळंना, दिवसभर कडी लावून आत बसायची. तिसऱ्या दिवशी जिन्यातून हाक आली, ‘नी मराठणे, दार उघड, तुला कोण खातंय?’ आणि बीजींनी माझ्या हातात किसणी आणि दोन किलो गाजरं दिली. बसायला जागा दिली नाही, ये म्हणाल्या नाहीत, नुसतं कीस म्हणाल्या. त्या दिवसापासून मी खालीच. पोरगी झाली तेव्हा आई गावाहून येऊ शकली नाही, तर बीजींनीच पंजीरी करून घातली, म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवासारखंच पण भुसभुशीत, आणि चाळीस दिवस पोरीला तेल लावलं. मला सगळ्याची भीती वाटायची, ताप आला की, पोरगी शिंकली की, हे उशिरा आले की. बीजी म्हणायच्या, ‘तुझ्या देवांना तरी झोपू दे.’

बिट्टू वीरजी अमेरिकेत टॅक्सी चालवतात. गेले कसे ते बीजी सांगायच्या नाहीत, एवढंच सांगायच्या की कागद पक्के नाहीत. आत आहे तोवर कुणी विचारत नाही, एकदा बाहेर आला की परत आत घेणार नाहीत. मी आले तेव्हाच त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बीजींना फक्त एकदा तोंड बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

म्हणून बीजींचं सगळं लक्ष अमेरिकेच्या अध्यक्षावर. त्यांच्या मनात अमेरिका म्हणजे एक मोठी तहसील कचेरी होती. वर साहेब बसलाय, त्याच्या टेबलावर हजारो फायली, त्यात एक बिट्टूची, साहेबाचं मन चांगलं असलं की सही होणार. रोज सकाळी त्या अरदास करायच्या, आपण देवापुढं गाऱ्हाणं घालतो तशी, त्यात आधी बिट्टूचं नाव घ्यायच्या आणि लगेच त्या अध्यक्षाचं, की याला सुबुद्धी दे, याच्या घरी सुख राहू दे. संध्याकाळी टीव्हीवर तो दिसला की आम्ही दोघी बघायचो. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं मलाही नाही, बीजी नुसता चेहरा वाचायच्या. ‘आज जेवलेला दिसत नाही.’ ‘आज घरात भांडण झालंय, बघ, बायको लांब उभी आहे.’ आमचे हे हसायचे, म्हणायचे, आमचे शेठ पण त्याचं तोंड बघतात, तो युद्धाचं बोलला की सोन्याचा भाव हलतो. कोपऱ्यावरचे किराणावाले सरदारजी एकदा चिडून म्हणाले, बीजी, हा लोकांवर बॉम्ब टाकतो आणि तुम्ही त्याच्यासाठी हात जोडता? बीजी म्हणाल्या, ‘तहसीलदार लाच खातो म्हणून अर्ज काय डाकियाकडं द्यायचा?’

मग तो अध्यक्ष हिंदुस्थानात आला. टीव्हीवर दाखवलं, राजस्थानातल्या बायका घागरे घालून नाचतायत आणि हा त्यांच्यात पाय टाकतोय. बीजी उठून टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, जो बायकांत नाचायला लाजत नाही तो आईचं ऐकेल. दुसऱ्या दिवशी मला आणि पोरीला रिक्षात घालून सतरा सेक्टरच्या कोर्टात. तिथं झाडाखाली टायपिस्ट बसतात. त्यानं विचारलं, माताजी, विषय काय लिहू? बीजी म्हणाल्या, ‘लिही, मुलगा एकदा घरी पाठवण्याबाबत.’ त्यानं हसायला पाहिजे होतं, हसला नाही, टाईप करत गेला. शेवटी बीजींनी त्याच्याकडून कोर्टाचं तिकीट मागितलं. तो म्हणाला, अमेरिकेला आपलं तिकीट चालत नाही. बीजी म्हणाल्या, तू लाव, बिनातिकिटाची अर्जी कोण वाचतो. मग तिकीट लावलं, त्यावर त्यांनी गुरुमुखीत सही केली, पगडीतला बिट्टूचा फोटो टाचला, आणि मी रजिस्टरनं पाठवलं.

आणि उत्तर आलं. आम्ही कुणी धरलंच नव्हतं, पण पाच महिन्यांनी जाड कागदाचा लिफाफा आला, वर गरुडाचा शिक्का, आत नऊ ओळी, खाली सही. बीजींनी बाकीचं बघितलंच नाही, सहीवर बोट ठेवलं. ‘झाली,’ म्हणाल्या. आपल्याकडं अर्जावर साहेबाची सही झाली म्हणजे मंजूर, त्यांना सत्तर वर्षांत दुसरं काही माहीत नव्हतं. तरी मला म्हणाल्या, कुणा शिकलेल्याकडून वाचून आण. मी आमच्या कुलकर्णी वहिनींकडं गेले, त्यांचे मिस्टर इथं मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळख झाली होती. वहिनींनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, ‘अगं, हे छापील असतं. पत्राबद्दल आभार, तुमचे विचार कळले, शुभेच्छा. जो लिहील त्याला हेच जातं. सहीसुद्धा मशीनच करतं.’

मी चालत परत आले. वाटेत तीनदा पाठ केलं, कसं सांगायचं ते. दार उघडलं तर बीजी न्हाऊन पांढरी चुन्नी घेऊन बसलेल्या, समोर बर्फीचा डबा, पोरीच्या तोंडाला बर्फी लागलेली. मी म्हणलं, वहिनी म्हणाल्या चांगलं पत्र आहे. एवढंच म्हणलं. ह्यांना वर जाऊन सांगितलं तर हे म्हणाले, राहू दे, म्हातारी खूश आहे, आपल्याला काय करायचंय, उगाच चिडली तर या दिवसांत खोली कुठं शोधायची. मला तेवढं कारण पुरलं. दोन दिवसांत फ्रेम होऊन आली आणि गुरूंच्या फोटोशेजारी लागली.

त्या वर्षी तिकडं निवडणूक झाली आणि कित्येक दिवस कोण जिंकलं तेच कळंना. बीजी म्हणायच्या, आमच्या पिंडात, म्हणजे गावात, पंचायतीची मतं एका दिवसात मोजतात, एवढा मोठा मुलूख आणि मोजता येत नाही! तेवढे दिवस त्यांनी अरदासमध्ये दोघांचीही नावं घेतली. मला भीती वाटली की आता जुन्याची सही जाणार की काय, जसं काही मला माहीतच नव्हतं ती काय आहे... बीजी म्हणाल्या, वेडी आहेस, सरकार बदललं म्हणून दिलेली ऑर्डर कोणी मागं घेत नाही.

बिट्टू वीरजी फोनवर सांगायचे, बीजी, तसं नसतं. दर रविवारी सकाळी आठला त्यांचा फोन यायचा, आणि दर रविवारी बीजी विचारायच्या, कधी येतोस. मग तिकडं त्या दोन इमारती पडल्या. पगडी बघून लोक अंगावर यायला लागले, वीरजींच्या टॅक्सीची काच फोडली, त्यांनी केस कापले. ते त्यांनी रडत सांगितलं. बीजी रडल्या नाहीत, म्हणाल्या, ‘मग आता तरी ये. सही आहे तुझ्याकडं.’ वीरजी म्हणाले, बीजी, ती चिठ्ठी सगळ्यांना येते, त्याला काही अर्थ नाही, मी निघालो तर मला परत घेणार नाहीत. बीजींनी रिसीव्हर छातीशी धरला आणि माझ्याकडं वळल्या. ‘मराठणे, तू वाचून आणलीस. सांग. सही त्याची आहे की नाही?’

पोरगी माझा पदर ओढत होती. मला आठवतं की मी तिचा हात सोडवला आणि म्हणलं, ‘त्याचीच आहे बीजी.’

बीजी फोनमध्ये म्हणाल्या, ‘ऐकलंस?’ आणि ठेवून दिला.

त्यानंतर सव्वा वर्ष बीजी दर रविवारी फोनवर यायच्या, ठीक आहे म्हणायच्या आणि रिसीव्हर मला द्यायच्या. मी पोरीला द्यायची, ती त्यांच्याशी पंजाबीत शाळेचं सांगायची. अरदास चालूच होती. अध्यक्षाचं नाव यायचं, नव्याचं, तो दुसऱ्या देशांवर चालून जायचं बोलत होता तरी यायचं. बिट्टूचं नाव यायचं बंद झालं. मी रोज सकाळी जिन्यात उभी राहून ऐकायची, आज येईल म्हणून. थंडीत त्यांची छाती भरली, पुतण्यानं वीरजींना कळवलं, ते म्हणाले मी वकिलाशी बोलतो. बीजी मला म्हणाल्या, ‘यायचं असतं तर आला असता. अडवणारा तर कोणी नव्हता.’ हे त्यांनी खाटेवर पडून, भिंतीकडं बघून म्हणलं. मी त्यांच्या पायाशी बसले होते. तोंड उघडलं होतं मी. मग म्हणलं, शेकायची पिशवी भरून आणते, आणि वर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय गार लागला.

अग्नी पुतण्यानं दिला. खोलीची किल्ली माझ्याकडं ठेवली, म्हणाला, बिट्टू काय ते ठरवेल. आणि रविवारी आठला खालचा फोन वाजला. मी कुलूप काढून आत गेले. वीरजी म्हणाले, सवयीनं लावला. मग म्हणाले, बीजी शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का? मी सगळं सांगितलं, वहिनींनी काय वाचलं, मी काय सांगितलं, का सांगितलं, बिट्टूचं नाव कधी बंद झालं, एका दमात, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. मला वाटलं शिव्या देतील. घर खाली करा म्हणतील. ते म्हणाले, ‘भैणजी, चिठ्ठी समोर आहे? वाचा.’ मी म्हणलं मला इंग्रजी येत नाही, नुसती अक्षरं येतात. म्हणाले, अक्षरंच वाचा.

मी फ्रेम काढून मांडीवर घेतली. डी, ई, ए, आर... ते तिकडं जोडून एकदा म्हणायचे आणि म्हणायचे, पुढं. ते पैसे भरलेल्या कार्डावरून फोन करतात, दोन ओळी झाल्या आणि कार्डातली बाई मधेच पैसे संपल्याचं काहीतरी बोलली आणि लाईन गेली. पुढच्या रविवारी तिथून पुढं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी तीन ओळी. माझ्या बोलण्याबद्दल त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही, ना राग ना माफी, आणि मला विचारायची हिंमत होत नाही.

परवाच्या रविवारी नऊ ओळी संपल्या. मी म्हणलं, आता फक्त सही राहिली, ती वाचता येत नाही, एक वर गेलेली रेघ आहे आणि खाली गाठ. ते म्हणाले, काच काढा. बोट ओलं करा आणि रेघेच्या टोकाला हळूच लावा, छापलेली असेल तर काही होणार नाही, पेनाची असेल तर शाई सुटेल. मी मागचे खिळे चमच्यानं उचकटले, बोट जिभेला लावलं, सहीच्या टोकाला टेकवलं आणि बघितलं. बोट निळं झालं होतं.

वीरजी तिकडं विचारत होते, काय झालं, भैणजी, काय झालं. मला कळत होतं की नाही म्हणलं तर त्यांना बरं वाटेल. आईच चुकली होती, आपण नाही, असं तरी राहील. पण बीजींच्या खाटेवर बसून ते माझ्यानं होईना. मी म्हणलं, ‘शाई आहे वीरजी. बोटाला लागली.’

कार्डातली बाई बोलली. मग त्यांनी घाईनं विचारलं,

‘जास्त पुसली तर नाही ना?’