तिसऱ्या खांबापाशी

दादाला डॉक्टरांनी बजावलं होतं, "बसून राहा. काही ढकलायचं नाही, उचलायचं नाही." आमच्या दुकानाच्या मालकांनीही भलेपणाने त्याला पार्किंगच्या फाटकाशी स्टूल दिलं, नुसत्या चिठ्ठ्या फाडायला. पण ऐकेल तो माझा भाऊ कसला!

गिऱ्हाईक सामान डिकीत टाकायचं, ट्रॉली उताराच्या टोकाला सोडायचं आणि भुर्रकन निघून जायचं. की हा उठलाच, ती ढकलत वर रांगेत लावायला. मी बिलाच्या काउंटरवरून, काचेतून बघायची आणि जळफळायची. चढावर तिसऱ्या खांबापाशी त्याला धाप लागायची. दांड्यावर दोन्ही हात टेकून थांबायचा, मग पुन्हा निघायचा.

"दादा, लोकांची हमाली करायला तुला कुणी सांगितलंय?"

"अगं, कुणाच्या तरी वाटेत येते ती. तशी पडून राहिली की मला बसवत नाही."

"मेलास म्हणजे बसवेल ना!"

जीभ का नाही झडली माझी! पुढच्याच आठवड्यात तो त्या खांबापाशी टेकला, तो उठलाच नाही. रडून रडून शेवटी मनाची समजूत घातली, सुटला बिचारा, आता तरी आराम करेल.

कामावर परतले त्या दुपारी एक बाई टोकाला ट्रॉली सोडून निघून गेली. बाहेर चिटपाखरू नव्हतं, वाराही नव्हता. ट्रॉली हलली. सावकाश चढ चढायला लागली. तिसऱ्या खांबापाशी थांबली. तेवढाच वेळ, नेहमीइतकाच. मग निघाली आणि रांगेत जाऊन खण्णकन बसली.

 भीती वाटायच्या आधी मनात आलं, अरे देवा, अजून धाप लागते त्याला?

तेव्हापासून बिल देताना प्रत्येकाला सांगते, "ट्रॉली जागेवर लावा हं, विसरू नका." लोक म्हणतात, बाई चक्रम आहे. म्हणू देत! राहिलेल्या मी लावते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येते.

काल गर्दीत नजर चुकली आणि एक राहिली. धावत बाहेर गेले तर ती खांबापर्यंत आलेली. दांडा धरला. घामाने ओला होता, कोमट.

"सोड दादा," मी म्हटलं. "मी नेते. तू बस."

ट्रॉली हलेना. मी तशीच धरून उभी राहिले. मग ती हलकी झाली.